गंधकाचा स्फटिक आणि नाकाडोंगरीचा काळा दगड

गंधक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें काष्ठौषधींच्या दुकानांतील मळकट पिवळी कांडी उभी राहते. खरजेच्या मलमांत, शोभेच्या दारूंत आणि वैद्यबुवांच्या खलांत तिचें स्थान. तिला कोणी कांचेच्या कपाटांत मखमलीवर मांडून ठेवील आणि आल्यागेल्याला कौतुकानें दाखवील, ही कल्पनाच आपणांस गमतीची वाटेल. परंतु युरोप-अमेरिकेंतील खनिजसंग्राहकांच्या कपाटांत गंधकाला मोठा मान आहे. तो गंधक अर्थातच कांडीचा नव्हे, स्फटिकाचा. पिकल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळा, मधासारखा पारदर्शक, आणि पैलू असे कीं जवाहिऱ्यानें नुकतेच पाडून दिले असावेत. आपल्या रसशास्त्रांतही गंधकाच्या उत्तम प्रकाराला आमलसार असें नांव आहे. आंवळ्यासारखी ती कांति आपल्या वैद्यांनीं फार पूर्वीं हेरली होती.

आज मला बोलावयाचें आहे तें अशा स्फटिकांच्या संग्रहाविषयीं. त्यासाठीं मी आपणांस सिसिली बेटांतील गंधकाच्या खाणींपासून भंडारा जिल्ह्यांतील नाकाडोंगरी ह्या गांवापर्यंत नेणार आहें. मार्ग आडवळणाचा खरा, पण संग्रह म्हणजे काय, हें ह्या दोन टोकांमध्येंच चांगलें दिसतें.

प्रथम हें पाहूं कीं कांडी आणि स्फटिक ह्या दोहोंत मूलद्रव्य एकच असतां एक मळकट आणि दुसरा तेजस्वी कां? कांडी ही गंधक वितळवून सांच्यांत ओतून केलेली असते. वितळलेला गंधक थिजतो तेव्हां त्याच्या लांब लांब सुया बनतात. परंतु ह्या सुयांचें रूप साडेपंचाण्णव अंशांच्या वरच काय तें स्थिर असतें. कांडी त्याहून निवाली कीं आंतल्या आंत अणूंची फिरवाफिरव सुरू होते, आणि कांहीं दिवसांत प्रत्येक सुईच्या जागीं बारीक कणांची दाटी होते. प्रत्येक कण आपल्यापुरता योग्य घडणीचा; पण यात्रेच्या गर्दीत जसें कोणालाच धड उभें राहतां येत नाहीं, तशी त्यांची गत होते, आणि प्रकाशाला त्यांतून वाट मिळत नाहीं. ज्या गंधकाला द्रावणांतून किंवा वाफेंतून, कमी उष्णतेवर, हवा तितका वेळ आणि हवी तितकी मोकळी जागा मिळते, तोच आपलें खरें रूप प्रकट करतो. तें रूप असें : शंकरपाळ्याच्या आकाराचा पाया असलेले दोन उंच मनोरे घ्यावे आणि पायाला पाया लावून ते जोडावे. टोंकें बहुधा थोडीशी छाटलेलीं असतात.

अशी मोकळी जागा आणि असा वेळ सिसिलीच्या चुनखडींत गंधकाला मिळाला. सुमारें ५९ ते ५३ लाख वर्षांपूर्वींच्या काळांत भूमध्य समुद्राचा अटलांटिक महासागराशीं असलेला संबंध जवळजवळ तुटला. पाणी आटत गेलें आणि तळाशीं जिप्समचे जाड थर बसले. पुढें सूक्ष्म जंतूंनीं खनिज तेलाच्या जातीच्या द्रव्यांवर पोट भरीत ह्या जिप्सममधील गंधक वेगळा केला. मागें चुनखडी राहिली, आणि तिच्या पोकळ्यांतून गंधकाचे स्फटिक सावकाश वाढले. त्यांच्याच शेजारीं पांढरा अ‍ॅरागोनाइट आणि फिकट सेलेस्टाइन ह्यांचेही स्फटिक असत, त्यामुळें एकेक नमुना म्हणजे फुलांची परडीच वाटे. काल्तानिस्सेत्ता आणि आग्रिजेंतो ह्या शहरांच्या आसपासच्या खाणींतून निघालेले असे नमुने आज जगांतील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

पण ते किती थोडे वांचले, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. खाणी कांहीं संग्राहकांसाठीं खोदल्या जात नव्हत्या. एकोणिसाव्या शतकांत ह्या खाणींतून लहान लहान मुलें पाठीवर गंधकाच्या दगडांचें ओझें घेऊन उभ्या पायऱ्या चढत. कारूसी असें त्यांना म्हणत, आणि त्यांची हकीकत वाचवत नाहीं. वर आलेला माल एका मोठ्या उतरत्या भट्टींत रचून पेटवून देत. गंधकाचा कांहीं भाग जळून जाई आणि त्याच्या आंचेनें उरलेला वितळून खालीं वाहत येई. स्फटिक असो वा चुरा असो, भट्टीला दोन्ही सारखेच. ज्या एखाद्या खाणकऱ्याच्या मनांत आलें कीं हा दगड बाजूला ठेवावा, त्याच्या त्या क्षणाच्या विचारावर आजचीं संग्रहालयें उभीं आहेत.

पुढें हर्मन फ्राश नांवाच्या रसायनज्ञानें १८९४ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत जमिनींत नळ्या घालून, अतितप्त पाण्यानें गंधक खालींच वितळवून वर काढण्याची युक्ति सिद्ध केली. तिच्यामुळें सिसिलीचा बाजार बसला. त्यानंतर खनिज तेल आणि नैसर्गिक वायु ह्यांच्या शुद्धीकरणांतच इतका गंधक मिळूं लागला कीं खाणींची गरजच फारशी उरली नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिसिलीच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. आतां त्या खाणीचें पोट कसें होतें, हें सांगणारा साक्षीदार म्हणजे तिच्यांतून निघालेला नमुना. आणि तोही केव्हां? त्याच्यासोबत तो कोणत्या खाणींतला, हें लिहिलेली चिठ्ठी असेल तेव्हां. चिठ्ठी हरवली तर हातीं राहतो तो एक सुंदर पिवळा तुकडा.

तोही फार जपावा लागतो. गंधक नखानें ओरखडा पडावा इतका मऊ. त्यांतून उष्णता फार सावकाश वाहते. त्यामुळें गार स्फटिक उबदार मुठींत धरला तर बाहेरचा भाग प्रसरण पावतो, आंतला तसाच राहतो, आणि स्फटिक कानाशीं नेला असतां बारीक तडतड ऐकूं येते. ती तडतड म्हणजे त्याला तडे जात असल्याची. ह्यासाठीं अनुभवी संग्राहक गंधकाचा स्फटिक कधीं उघड्या हातानें उचलीत नाहींत. खालच्या दगडाला धरून उचलतात, ऊन व दिव्याची धग लागूं देत नाहींत, आणि गरम पाण्यानें धुण्याचें तर नांवच नको.

आतां आपल्याकडे वळूं. भारतांत नैसर्गिक गंधक आढळतो तो लडाखमधील पुगा खोऱ्यांत, उन्हाळ्यांच्या म्हणजे ऊष्णोदकाच्या झऱ्यांच्या आसमंतांत, आणि अंदमानच्या पूर्वेस बॅरन बेटाच्या ज्वालामुखीपाशीं. महाराष्ट्राच्या वांट्याला हा लाभ आलेला नाहीं. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जो गंधक निघतो तो उपयोगाचा असला तरी संग्रहाचा नव्हे. मग महाराष्ट्रांतील हौशी माणसानें काय गोळा करावें?

पश्चिमेकडील मंडळींना ह्याचें उत्तर सोपें आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटांत पोकळ्या आहेत, आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट जातीचे व अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक भरलेले आहेत. १८५६ ते १८६३ च्या दरम्यान बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग फोडला गेला तेव्हां असे पुष्कळ नमुने निघाले व विलायतेस गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हनसाइट नांवाचें निळेंशार खनिज निघूं लागलें आणि जगभरच्या संग्राहकांची नजर त्या गांवाकडे लागली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत हें वैभव कोणालाही पाहतां येतें. ह्या रूपवान मंडळींविषयीं मी अधिक बोलत नाहीं. त्यांचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मात्र एक उणें सांगितलेंच पाहिजे. जुन्या कित्येक नमुन्यांवर स्थळ म्हणून नुसतें ‘पूना’ एवढेंच लिहिलेलें आढळतें. तो नमुना घाटांतला, नाशकाकडचा, कीं आणखी कोठला, हें विचारावयाचें कोणाला?

माझ्या मतें संग्रहाची खरी परीक्षा ह्या देखण्या स्फटिकांत नसून महाराष्ट्राच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला, तुमसर तालुक्याच्या उत्तरेस, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत आहे. नाकाडोंगरी हें तिकडचें रानाच्या शेजारचें गांव. बावनथडी नदी ह्याच भागांतून वाहते, आणि पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. ह्याच परिसरांत चिखला आणि डोंगरी बुजरुक ह्या मँगनीजच्या नांवाजलेल्या खाणी आहेत. बुजरुक म्हणजे आपल्याकडचें बुद्रुकच. नागपूरपासून भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा ह्या जिल्ह्यांतून सुमारें २०० किलोमीटर लांबीचा जो मँगनीजचा पट्टा गेला आहे, त्याच्या मध्यावर आपण येथें उभे असतों.

येथील दगड प्रथमदर्शनीं निराशा करतात. सारें काळें. काळा ढीग, काळी धूळ, काळे हात. परंतु ह्या काळेपणाचा इतिहास मोठा लांब आहे. फार प्राचीन काळीं समुद्राच्या तळाशीं वाळू व चिखल ह्यांच्याबरोबर मँगनीज सांचलें. पुढें हे थर पृथ्वीच्या पोटांत दाबले गेले, तापले, दुमडले गेले. भूशास्त्रज्ञ ह्या खडकांना सौसर समूह म्हणतात. त्या तापानें व दाबानें जुनें द्रव्य मोडून नवीं खनिजें घडलीं. जेथें मँगनीजबरोबर वाळू व माती होती तेथें गारगोटी आणि नारिंगी-तांबूस तामडा ह्यांचा मिळून एक खडक झाला. त्याला गोंडाइट हें नांव आहे, आणि तें ह्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड लोकांवरून दिलेलें आहे. शास्त्राच्या ग्रंथांत आपल्या वनवासी बांधवांची अशी नोंद व्हावी, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

डोळा सरावला म्हणजे काळ्यांतही भेद दिसूं लागतात. ब्राउनाइट हें कठीण, जड आणि करड्या-काळ्या चकाकीचें; त्याचे नीट वाढलेले स्फटिक लहान मनोऱ्यांच्या जोडीसारखे दिसतात. हॉलंडाइट रुपेरी करड्या रंगाचें, लांबट, अंगावर उभ्या बारीक रेघा असलेलें. पायरोल्युसाइट हें मऊ. हातांत घेतलें कीं बोटांना काजळ लागतें. वरच्या थरांत पावसाच्या पाण्यानें खालचीं खनिजें कुजवून जीं नवीं केलीं, त्यांत द्राक्षांच्या घडासारखे गुळगुळीत काळे गोळे असतात. डोंगरी बुजरुकची उघडी खाण प्रसिद्ध आहे ती अशाच मँगनीज डायऑक्साइडसाठीं. हातबत्तीचा जुन्या पद्धतीचा विजेचा घट आपण कधीं फोडून पाहिला असेल तर आंत काळी भुकटी दिसली असेल. ती ह्याच द्रव्याची. आणि आपल्या देशांतील असल्या घटांच्या कारखान्यांना डोंगरी बुजरुकचा माल गेलेला आहे. बाकीचा बहुतेक माल पोलादाच्या कामीं जातो, कारण मँगनीजवांचून चांगलें पोलाद होत नाहीं.

ह्या काळ्या मंडळींत एक गुलाबी पाहुणाही असतो. त्याचें नांव रोडोनाइट. ताजा फोडला म्हणजे गुलाबाच्या पाकळीसारखा. पण उघड्यावर पडला कीं हवेनें व पाण्यानें वरून काळा पडत जातो. म्हणून खाणीच्या टाकाऊ ढिगांत काळ्या सालीचा एखादा दगड फोडावा, तर आंत हें गुलाब दडलेलें सांपडतें. आणि सपाट दगडावर काळ्या नेच्यासारखीं, झाडांसारखीं जीं नाजूक चित्रें दिसतात, तीं दगड झालेलीं झाडें आहेत असें पुष्कळांस वाटतें. तीं झाडें नव्हेत; फटींतून झिरपलेल्या पाण्यानें सोडलेलें मँगनीजच तसें पसरलेलें असतें.

ह्या प्रदेशांतील दगड जगाच्या शास्त्रांत कसे गेले, ही हकीकत आतां सांगतों, कारण माझा मुख्य मुद्दा तिच्यांतच आहे. ह्या भागांत मँगनीजचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं शेवटीं सुरू झाला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही विलायती मंडळी १८९६ सालीं स्थापन झाली. तिच्याच वारशांतून १९६२ सालीं आजच्या मॉइल ह्या कंपनीचा उदय झाला, आणि १९७७ सालीं ती पूर्णपणें सरकारी झाली. खाणी सुरू झाल्या त्या सुमारास, १९०२ सालीं, लुइस ली फर्मर नांवाचा एक तरुण भूशास्त्रज्ञ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांत दाखल झाला. खाणीमागून खाणी पायाखालीं घालून त्यानें १९०९ सालीं भारतांतील मँगनीजवरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंडाइट हें नांव त्याचेंच.

फर्मरला ह्या पट्ट्यांत जीं अनोळखी खनिजें भेटलीं त्यांचीं त्यानें बारशीं केलीं. छिंदवाड्यांतील सीतापार गांवावरून एकाचें नांव सीतापाराइट. नागपूरकडील बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट. खात्यांतील सहकारी अर्नेस्ट व्ह्रेडेनबर्ग ह्यांच्यावरून व्ह्रेडेनबर्गाइट. पुढें १९३८ सालीं, नाकाडोंगरीहून फार दूर नसलेल्या तिरोडीच्या खाणींतील एका खनिजाला डन आणि रॉय ह्या दोघांनीं तिरोडाइट म्हटलें. कल्पना करा, आपल्या खेड्यापाड्यांचीं नांवें बर्लिन, लंडन, न्यूयॉर्क येथील सूचींत छापून आलीं.

पण आज त्या सूचींत पाहूं जाल तर ह्यांपैकीं एकही नांव स्वतंत्र खनिज म्हणून उभें नाहीं. १९४० च्या दशकांत ब्रायन मेसन ह्या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं सीतापाराइट म्हणजे बिक्सबाइटच. आणि बिक्सबाइटचें नामकरण अमेरिकेंतील यूटा संस्थानांतील नमुन्यांवरून १८९७ सालींच झालेलें होतें. व्ह्रेडेनबर्गाइट हें एक खनिज नसून जेकबसाइट आणि हाउस्मनाइट ह्या दोघांचें, पट्ट्यापट्ट्यांनीं विणलेलें, मिश्रण निघालें. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर सूक्ष्मदर्शक लावला तेव्हां तें विणकाम दिसलें. बेलडोंगराइटही स्वतंत्र खनिज म्हणून टिकलें नाहीं. तिरोडाइट हें नांव नामकरणाच्या नव्या व्यवस्थेंत मावळलें.

ह्यांत फर्मरची अप्रतिष्ठा आहे काय? मला मुळींच तसें वाटत नाहीं. त्याच्या वेळीं क्ष-किरणांनीं स्फटिकाची अंतर्रचना पाहण्याची विद्या जन्मासच आली नव्हती. हातांत होतें तें भिंग, तराजू आणि रसायनशाळा. त्यानें कोणता दगड कोणत्या खाणींत, कोणत्या खडकाच्या सोबतीनें मिळाला, हें सारें इतक्या बारकाईनें लिहून ठेवलें होतें कीं नंतर आलेल्यांना त्याच ठिकाणचें द्रव्य पुन्हा तपासून निवाडा करतां आला. नांवें खोडलीं गेलीं तीं चिठ्ठ्या खऱ्या होत्या म्हणून! नुसतें ‘मध्यप्रांत, काळा दगड’ असें लिहिलेलें असतें तर हीं नांवें सिद्धही झालीं नसतीं आणि खोटींही ठरलीं नसतीं. संशयांतच लोंबकळत राहिलीं असतीं.

एक नांव मात्र टिकलें, आणि त्याची कथा मोठी नवलाची आहे. झाबुआकडील काजलीडोंगरीच्या खाणींतील एका खनिजाला फर्मरनें १९०६ सालीं खात्याचे प्रमुख थॉमस हॉलंड ह्यांच्यावरून हॉलंडाइट म्हटलें. हेंच तें मघां सांगितलेलें रुपेरी, रेघांचें खनिज. १९५० सालीं त्याची अंतर्रचना उलगडली तेव्हां असें दिसलें कीं त्यांत मँगनीज आणि ऑक्सिजन ह्यांच्या भिंती असलेले लांबच लांब बोगदे आहेत, आणि बेरियमचे मोठे अणु त्या बोगद्यांत अडकून बसले आहेत. १९७८ सालीं ऑस्ट्रेलियांतील भूरसायनज्ञ टेड रिंगवुड ह्यांनीं अणुभट्ट्यांतील घातक टाकाऊ द्रव्य शेंकडों शतकें कोंडून ठेवण्यासाठीं एक कृत्रिम खडक सुचविला, त्याला सिनरॉक म्हणतात. त्यांत किरणोत्सर्गी सीझियमला डांबण्याचें काम ज्या घटकाकडे दिलें आहे तो हॉलंडाइटच्याच घडणीचा, मात्र मँगनीजऐवजीं टायटॅनियमचा. त्याच्या सुमारें पाऊण शतक आधीं काळ्या दगडांच्या ढिगांतून एक वेगळा तुकडा कोणी उचलून ठेवला, त्याचा हा दूरचा नातू म्हणावयाचा.

तो तुकडा भट्टींत गेला असता तर? सिसिलींत जें झालें तेंच येथें रोज होत असतें, आणि त्यांत खाणीचा दोष नाहीं. खाणीला टनांचा हिशेब द्यावयाचा असतो. पूर्वीं माल हातोडीनें फोडून हातानें निवडीत, आणि हें निवडण्याचें काम बहुतकरून मजूर स्त्रिया करीत. प्रत्येक दगड त्यांच्या नजरेखालून जाई. त्या बायांना पुस्तकी नांवें माहीत नव्हतीं, पण कोणता दगड जड, कोणता फसवा, कोणता नेहमींचा नव्हे, हें त्या हातांत घेतांच ओळखीत. यंत्रांनीं फोडणी-निवडणी वाढली तशी ही नजर मधून निघाली. म्हणून आतां ही काळजी कोणीतरी मुद्दाम घेतली पाहिजे.

आपण शहरांतले लोक काय करूं शकतों, तें सांगतों. पहिली गोष्ट, खाणींत परवानगीवांचून पाऊल टाकूं नये; तें बेकायदेशीर आहे आणि जिवावरचेंही आहे. परवानगीनें गेल्यास माहितगार माणसाच्या सोबतीनें, तो म्हणेल तेथेंच फिरावें. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासांत गेल्यास मज्जासंस्थेचा असाध्य विकार होतो. तेव्हां घरांत दगड कोरडे घासूं अगर फोडूं नयेत, ओले करून हाताळावे, आणि हात धुतल्यावांचून खाण्याला शिवूं नये. मुलांच्या बाबतींत हें विशेषेंकरून.

ओळख पटविण्यास घरांतलीं साधनें पुष्कळ होतात. चिनी मातीच्या फरशीच्या, चकाकी नसलेल्या पाठीवर दगड घासून रेघ ओढावी, म्हणजे कस पाहावा. पायरोल्युसाइटचा कस काळा, ब्राउनाइटचा तपकिरी झांक असलेला. आणि रेघ लाल उमटली तर तें मँगनीज नव्हे, लोखंडाचें हेमॅटाइट. दोऱ्याला लोहचुंबक बांधून जवळ न्यावा. जेकबसाइट त्याला ओढून घेतें. जखमा धुण्याचें हायड्रोजन पेरॉक्साइड एक थेंब टाकावें. मँगनीज डायऑक्साइड असेल तर तेथेंच फसफसून बुडबुडे येतात. ह्यानें मँगनीजचें ऑक्साइड आहे इतकें कळेल, कोणतें तें नेमकें कळणार नाहीं. तेवढ्यासाठीं क्ष-किरणांची तपासणी लागते, आणि ती करणारीं खातीं विद्यापीठांत असतात. तोंवर चिठ्ठीवर नांवापुढें प्रश्नचिन्ह घालावें. प्रश्नचिन्हाची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

नमुन्याच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका द्यावा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनें क्रमांक घालावा, आणि तोच क्रमांक एका वहींत लिहावा. वहींत नोंद अशी असावी : क्रमांक १४, काळें, जड, कठीण, कस तपकिरी-काळा, ब्राउनाइट? गारगोटीच्या शिरेंत, चिखला खाण, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, अमुक पातळी, अमुक बाजू, दिनांक, कोणीं उचलला, शेजारीं कोणता खडक होता. विकत घेतला असल्यास कोणाकडून, तेंही लिहावें. विक्रेता स्थळ सांगण्यास टाळाटाळ करूं लागला तर नमुना कितीही सुंदर असो, माझ्या दृष्टीनें त्याची अर्धी किंमत तेथेंच गेली. नुसतें ‘नाकाडोंगरीजवळ’ हेंही पुरेसें नाहीं. त्या परिघांत दोन-तीन खाणी आणि अनेक जुने खड्डे येतात.

वडिलार्जित पेटींत दगड आणि पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या सांपडल्या तर चिठ्ठ्या कधीं फेकूं नयेत. मजकूर चुकीचा आहे असें दिसलें तरी तो खोडूं नये. आपली नवी चिठ्ठी तिच्या शेजारीं ठेवावी. उद्यां कोणाच्या हातीं ‘सीतापाराइट’ असें लिहिलेली जुनी चिठ्ठी आली, तर ती खोडून तेथें बिक्सबाइट लिहिणें म्हणजे त्या दगडाचा अर्धा इतिहास पुसणें होय.

कपाटाविषयीं थोडें. रोडोनाइट अंधारांत, कोरड्या डबींत ठेवावा, म्हणजे त्याचा गुलाबी रंग पुष्कळ वर्षें टिकतो. मँगनीजचीं मऊ खनिजें वेगळीं ठेवावीं, नाहीं तर शेजारच्या साऱ्या नमुन्यांना काजळ फांसतील. आणि कोणा परदेशस्थ आप्तानें सिसिलीचा गंधक भेट म्हणून पाठविलाच, तर त्याला वेगळा, झांकणाचा खण द्यावा. घरांतल्या चांदीच्या भांड्यांजवळ तर तो मुळींच ठेवूं नये, कारण त्याच्या संगतीनें चांदी काळी पडते. खणांत कापूस अंथरावा, आणि डबीवर खाणीचें नांव आधीं लिहून घ्यावें, मग झांकण लावावें.